नव्याचे नऊ दिवस संपल्यावर : दीर्घ आजारातील चालणे, व्यायाम आणि त्याविषयीचे गैरसमज

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, गुडघ्यांची झीज, फुप्फुसांचे जुनाट आजार अशा प्रत्येक दीर्घ आजारात औषधांच्या यादीखाली एक सल्ला ठरलेला असतो : रोज चाला. गोळी गिळायला क्षणभर पुरतो. चालण्याला वेळ, जागा आणि मनाची तयारी लागते, त्यामुळे महिना-दोन महिन्यांत हा सल्ला मागे पडतो. आळस हे त्याचे एकमेव कारण नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीतील शारीरिक हालचालींविषयीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथील चौदा हजारांहून अधिक लोकांपैकी ५४ टक्के लोक पुरेशी हालचाल करत नव्हते, आणि फावल्या वेळात मुद्दाम व्यायाम करणारे दहा टक्केही नव्हते. हे सर्वसाधारण लोकांचे आकडे आहेत. आजारी माणसाच्या वाट्याला याखेरीज भीती, थकवा आणि दिवसागणिक बदलणारी प्रकृती येते. व्यायामाचे बहुतेक सल्ले मात्र ठणठणीत माणूस डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात, आणि बरेचसे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

“आजार आहे, तर आराम करावा”

हा समज एके काळी वैद्यकशास्त्राचाही होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणातून हलू देत नसत. १९५२ मध्ये सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या अमेरिकी डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याची पद्धत मांडली, तेव्हा तीही धाडसी वाटली होती. पुढे १९६६ मध्ये डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवण्यात आले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घटली. तीस वर्षांनी याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वाढत्या वयाने केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी भरली.

आराम वाढला की स्नायू बारीक होतात. मग थोड्या श्रमातही धाप लागते, धाप लागते म्हणून माणूस आणखी बसून राहतो आणि स्नायू आणखी आटतात. आजाराच्या नावावर खपणाऱ्या थकव्याचा बराच भाग या बसून राहण्याचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत दीर्घ आजार असलेल्यांसाठी प्रथमच स्वतंत्र शिफारस केली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, म्हणजे निरोगी प्रौढांना सांगितले जाते तेवढेच प्रमाण त्यांनाही सुचवले. ज्यांना तेवढे जमत नाही त्यांनी जमेल तेवढे करावे, कारण थोडी हालचालही काहीच न करण्यापेक्षा फायद्याची असते, असेही त्यात म्हटले आहे. एका वेळी किमान दहा मिनिटे सलग व्यायाम झाला तरच तो मोजायचा, ही जुनी अटही त्यांनी काढून टाकली. गच्चीवरच्या चार मिनिटांच्या फेऱ्या आता हिशेबात धरल्या जातात.

“दहा हजार पावले झालीच पाहिजेत”

या आकड्याचा उगम बाजारात आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये फिटनेसची लाट आली आणि १९६५ मध्ये एका कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजणारे यंत्र विक्रीला आणले. त्याच्या नावातच दहा हजार पावले होती. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सोळा हजारांहून अधिक अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसले, आणि साधारण ७,५०० पावलांनंतर हा फायदा वाढायचा थांबला. अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही मोठा फरक खालच्या पायऱ्यांवर पडतो एवढे त्यातून दिसते.

पावले मोजणे वाईट नाही. लक्ष्य ठरवून मोजणारे लोक जास्त चालतात, असे या यंत्रांवरील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात आढळले आहे. फक्त लक्ष्य स्वतःच्या आजच्या सरासरीवरून ठरवावे. दिवसाला १,८०० पावले होत असतील तर पुढचा टप्पा २,२०० चा असावा. मोबाइलवर दहा हजारांचे वर्तुळ रोज अर्धवट दिसत राहिले की माणूस आधी मोबाइलकडे बघणे सोडतो, मग चालणे.

“दुखले किंवा दम लागला, म्हणजे नुकसान झाले”

गुडघे झिजले आहेत, आता चालून आणखी झिजवायचे कशाला, हा प्रश्न रास्त वाटतो. पण सांध्यातल्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर दाब पडतो आणि सुटतो, त्या वेळी आतला द्रव कूर्चेत शिरतो आणि तिचे पोषण होते. त्यामुळे गुडघ्यांच्या संधिवातात मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि चालणे हे पहिल्या फळीचे उपचार मानले जातात. वजन कमी झाल्यास प्रत्येक किलोमागे गुडघ्यावरचा भार पावलागणिक सुमारे चार किलोंनी हलका होतो. किती दुखणे चालेल, यासाठी एक व्यवहारी कसोटी आहे. चालून आल्यावर दोन तासांनीही नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल, किंवा दुसऱ्या दिवशी सांधा सुजला असेल, तर आदल्या दिवशीचे चालणे जास्त झाले. पुढच्या वेळी ते कमी करावे. त्याहून कमी दुखणे हे थांबण्याचे कारण नाही.

फुप्फुसांच्या जुनाट आजारात गोष्ट आणखी विलक्षण आहे. शास्त्रशुद्ध व्यायामक्रमानंतर अशा रुग्णांची फुप्फुसे सुधारत नाहीत. फुंकर मारून केलेल्या चाचणीचे आकडे जवळपास तेच राहतात. तरीही त्यांना जास्त अंतर चालता येते आणि दम कमी लागतो, कारण पायांचे स्नायू तयार झाले की त्याच कामाला श्वास कमी पुरवावा लागतो. नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून तो सावकाश सोडल्याने धाप लवकर बसते. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने चालताना पोटरीत गोळे येणाऱ्यांना तर दुखेपर्यंतच चालायला सांगतात. बऱ्यापैकी दुखले की थांबायचे, कळ गेली की पुन्हा निघायचे, असे आठवड्यातून तीनदा, किमान बारा आठवडे. न दुखता चालता येणारे अंतर यातून वाढते.

श्रम योग्य आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी नाडीपेक्षा बोलणे उपयोगी पडते. चालताना गप्पा मारता येतात पण गाणे म्हणता येत नाही, ही मध्यम श्रमाची खूण. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारखी औषधे घेणाऱ्यांची नाडी औषधामुळेच फारशी चढत नाही, म्हणून घड्याळावरचा हृदयगतीचा आकडा त्यांची दिशाभूल करतो. काही लक्षणे मात्र सहन करायची नसतात. छातीत दाब किंवा जळजळ, जबडा, हात अथवा पाठीत जाणारी कळ, घेरी, छातीत नव्याने सुरू झालेली धडधड, आणि बसल्यावरही न ओसरणारी धाप दिसली की तिथेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखता नुसता दम, मळमळ किंवा घाम एवढ्यावरही हृदयविकार प्रकट होऊ शकतो.

“आधी उत्साह यायला हवा”

सर्वांत घातक गैरसमज हाच म्हणावा लागेल. उत्साह हे भांडवल आहे आणि ते साठल्याशिवाय सुरुवात करता येत नाही, अशी कल्पना त्यामागे असते. दीर्घ आजारात उत्साहाची वाट पाहणे परवडत नाही, कारण थकवा आणि उदासी हीच अनेक आजारांची लक्षणे आहेत. नैराश्यावरील वर्तन-सक्रियण या उपचारात क्रम मुद्दाम उलटा ठेवतात : मन तयार नसतानाही ठरलेली छोटी कृती करायची, मनःस्थिती मागाहून सुधारते.

“२१ दिवसांत सवय लागते” हे वाक्य मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरले. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान तेवढे दिवस लागतात, एवढेच त्याचे निरीक्षण होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी कृती आपोआप होऊ लागायला लागणाऱ्या काळाचा मध्यम आकडा ६६ दिवस निघाला. माणसामाणसांतला फरक १८ ते २५४ दिवसांचा होता, आणि पाणी पिण्यासारख्या सोप्या कृतीपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. महिनाभरात सवय लागली नाही म्हणून स्वतःला आरंभशूर ठरवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही, असेही दिसले.

निश्चयापेक्षा नेमकेपणा जास्त उपयोगी पडतो. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने ‘जर-तर’ स्वरूपाच्या योजनांवर विस्तृत काम केले आहे. “उद्यापासून चालायचे” या संकल्पापेक्षा “सकाळचा चहा झाला की चप्पल घालून सोसायटीला दोन फेऱ्या” ही योजना पाळली जाण्याची शक्यता अधिक असते. अडचणीही अशाच आधी बांधून घ्याव्यात : पाऊस असेल तर पार्किंगमध्ये, गुडघा सुजला असेल तर खुर्चीत बसून पाय सरळ करण्याचे व्यायाम. जून ते सप्टेंबरची सोय केलेली नसेल, तर महाराष्ट्रात वर्षातला एक तृतीयांश काळ हातचा जातो.

दीर्घ आजारातील योजनेला खालची मर्यादा लागते तशी वरचीही लागते. खालची, म्हणजे वाईट दिवशीही होईल एवढे थोडे : पाच मिनिटे, कधी नुसते घरातल्या घरात. वरची मर्यादा त्याहून कठीण, कारण ती चांगल्या दिवशी पाळायची असते. बरे वाटले म्हणून एकाच दिवशी बाजारहाट, साफसफाई आणि तासभर फिरणे उरकायचे आणि मग तीन दिवस पडून राहायचे, हे चक्र जुनाट वेदनेच्या रुग्णांत फार दिसते. विल्बर्ट फोर्डाइस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात त्यावर दुखण्याऐवजी ठरलेल्या कोट्यानुसार हालचाल करण्याची पद्धत रुजवली. कोटा पूर्ण झाला की बरे वाटत असले तरी थांबायचे, आणि तो सावकाश वाढवत न्यायचा. घरच्यांनाही हे समजावून सांगावे लागते. “काल तर चांगला तासभर हिंडलात” या वाक्याने माणूस दुसऱ्या दिवशी नको तेवढा ताणतो.

“वजन उतरत नाही, मग उपयोग काय?”

नुसत्या चालण्याने वजन फारसे उतरत नाही, हे खरे आहे. म्हणून वजनकाटा हा उत्साह टिकवणारा मापक नव्हे. स्नायू आकुंचन पावताना इन्शुलिनच्या मदतीशिवायही रक्तातील साखर ओढून घेतात, आणि व्यायामानंतर इन्शुलिनची परिणामकारकता एक ते तीन दिवस वाढलेली राहते. मधुमेहींनी लागोपाठ दोनपेक्षा जास्त दिवस व्यायाम चुकवू नये, या सल्ल्याचे कारण हेच. न्यूझीलंडमध्ये ४१ रुग्णांवर झालेल्या २०१६ च्या अभ्यासात, दिवसातून कधीतरी एकदा तीस मिनिटे चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर हा फरक २२ टक्के होता. मराठी घरांतल्या शतपावलीला मिळालेला हा आधार मोलाचा आहे, फक्त शंभर पावलांवर न थांबता ती दहा मिनिटे चालू ठेवावी. जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर पाहिले तर परिणाम त्याच दिवशी दिसतो. वजनाच्या काट्यावर तो महिनोन्महिने दिसणार नाही.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर चालताना एकदम उतरू शकते. घाम, थरथर, अचानक भूक लागली तर लगेच घेता यावी म्हणून तीन चमचे साखर किंवा तेवढेच ग्लुकोज खिशात असावे; बिस्किटाला वेळ लागतो. पायांची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी चालू नये. त्यांच्यासाठी मऊ रबराच्या एमसीआर चपला मिळतात, आणि चालून आल्यावर तळपाय पाहण्याची सवय हवी.

चालले की सगळा व्यायाम झाला, हेही खरे नाही. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम त्याबरोबर हवेत. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे ही त्याची चांगली सुरुवात आहे.

“जोर लावला की सगळ्यांनाच जमते”

हालचाल सावकाश वाढवत नेण्याच्या नियमाला एक ठळक अपवाद आहे. दीर्घकालीन थकव्याच्या विकारात, आणि कोविडनंतर महिनोन्महिने लक्षणे राहिलेल्या काही रुग्णांत, थोड्या श्रमानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी प्रकृती ढासळते आणि ती कित्येक दिवस सावरत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने थकव्याच्या या विकारात टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवत नेण्याची आपली जुनी शिफारस २०२१ मध्ये मागे घेतली. अशा रुग्णांनी आपल्या शक्तीच्या मर्यादेतच दिवस आखायचा असतो. ज्यांना असा अनुभव येतो, त्यांनी चालण्याचे लक्ष्य वाढवण्याआधी डॉक्टरांना नुसते “थकवा येतो” असे न सांगता, किती श्रमानंतर, किती तासांनी आणि किती दिवस त्रास राहतो हे लिहून न्यावे.