उसनवारीवर गेलेल्या बंदुका

भोकरच्या तहसील कचेरीत ट्रेझरीसमोर पहाऱ्यावरच्या पोलिसाच्या खांद्याला लागलेली 'थ्री नॉट थ्री' ही आमच्या पिढीने जवळून पाहिलेली पहिली रायफल. दस्त्याचं लाकूड तेल पिऊन काळपट झालेलं. बोल्टच्या मागे, दस्ता सुरू होतो तिथल्या पोलादावर ठसे असायचे: वर मुकुट, खाली ब्रिटिश राजाची 'जी. आर. आय.' ही अक्षरं, मग 'इशापूर' हे कारखान्याचं नाव आणि सन. पुढच्या काळातल्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. दोन बोटं रुंद जागेत राज्य बदललेलं वाचता येतं.

बंदुकीच्या अंगावरची अशी अक्षरं वाचणारे संग्राहक जगभर आहेत, आणि परमुलखात उसनी जाऊन परत आलेल्या बंदुकीचं त्यांना विशेष अप्रूप असतं.

अमेरिकी सैन्याने 1936 साली 'एम-1 गॅरंड' ही रायफल स्वीकारली. तिच्यात आठ गोळ्यांची क्लिप बसते. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप टणकन बाहेर उडते. महायुद्धानंतर डेन्मार्क, ग्रीस, फिलिपिन्स अशा मित्रदेशांना अमेरिकेने या रायफली पुरवल्या. काही विकत, काही मदत म्हणून, काही उसन्या. उसन्या दिलेल्यांची मालकी अमेरिकेने सोडली नाही, म्हणून काम संपल्यावर त्या मायदेशी परतल्या. तिथे नागरिकांना नेमबाजी शिकवण्यासाठी 1903 साली सुरू झालेला एक सरकारी उपक्रम होता. 1996 च्या कायद्याने त्याची स्वतंत्र संस्था झाली, 'सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम'. परतलेली रायफल ही संस्था तपासते, प्रतवारी लावते आणि खरेदीदाराची चौकशी करूनच विकते. डेन्मार्कहून आलेल्या काही रायफलींच्या नळीवर 'व्हीएआर' अशी अक्षरं सापडतात. नळी झिजल्यावर तिथल्या शस्त्रागाराने नवी बसवली, त्याची ती खूण. संग्राहक हाच ठसा हौसेने शोधतात.

लग्नकार्यात उसनी गेलेली भांडी परत यावीत म्हणून आपल्याकडे त्यांवर नाव कोरतात. अमेरिकेने नेमकं तेच केलं. मार्च 1941 च्या लेंड-लीज कायद्याखाली 'सॅव्हेज' कंपनीने ब्रिटनसाठी दहा लाखांहून अधिक ली-एनफिल्ड रायफली बनवल्या. बनावट ब्रिटिश, पण अंगावर ठसा 'यू. एस. प्रॉपर्टी'. युद्धानंतर त्यातल्या अनेक भंगाराच्या भावात विकल्या गेल्या आणि अटलांटिक ओलांडून पुन्हा अमेरिकी घरांत पोचल्या.

आपली 'थ्री नॉट थ्री' याच ली-एनफिल्ड घराण्यातली. 1962 च्या युद्धानंतर इशापूरच्या कारखान्याने तिचंच 7.62 मिलिमीटरचं रूप काढलं, '2ए1'. पुढे त्यातल्या हजारो रायफली अमेरिकेत विकल्या गेल्या. आज तिथला एखादा हौशी माणूस आपल्या इशापूरची रायफल भिंगाखाली धरून तिचा इतिहास वाचतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'के. एफ.' ही अक्षरं काडतुसाच्या बुडावर दिसली की ते काडतूस कुठलं, हे तो लगेच ओळखतो.

आपल्याकडे मात्र 'थ्री नॉट थ्री' घरात ठेवता येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली .303 हा बोअर, म्हणजे नळीचा व्यास, निषिद्ध आहे. म्हणून तर परवान्यावर .315 ची रायफल मिळते. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादाही तीनवरून दोनवर आली. हे योग्यच आहे. बंदुका घराघरांत याव्यात असं मला मुळीच वाटत नाही. पण त्यांची नोंद तरी कुठे राहावी?

मराठवाड्याला हा प्रश्न परका नाही. 1948 साली सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानं भरून शस्त्रं आणायचा आणि ती निजामाच्या राज्यात उतरवायचा. त्यातली काही बिदरला उतरली, म्हणजे उदगीरच्या शेजारीच. 17 सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. मग त्या शस्त्रांची नोंद कुठे राहिली? तीच गोष्ट पोलिसांच्या रायफलीची. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकावर दहशतवाद्यांच्या एके-47 समोर काही पोलिसांच्या हातात 'थ्री नॉट थ्री'च होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी 26 जानेवारी 2020 च्या संचलनात तिला समारंभाने निरोप दिला.

जाणारी प्रत्येक रायफल वितळवण्याआधी तिच्यावरचे ठसे आणि क्रमांक लिहून घ्यावेत, फोटो काढावेत. जिल्ह्यामागे एक-दोन रायफली कायमच्या निकामी करून संग्रहालयाच्या काचेमागे ठेवाव्यात. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, 17 सप्टेंबरला, शाळेची पोरं स्मारकापुढे रांगेत उभी राहतात, हुतात्म्यांची नावं ऐकतात. त्यांतल्या एखाद्या पोरीला काचेपलीकडचा मुकुट आणि सिंह शेजारी शेजारी पाहता आले, तर देशातलं राज्य कसं बदललं, हे तिला निराळं शिकवावं लागणार नाही.