गुणसूत्रं ४६ भरली, तरी डाऊन सिंड्रोम
प्रयोगशाळेच्या आतून : लेखांक ७

नवजात बाळाचे डोळे, सैल पडलेली मान, तळहातावरची आडवी रेघ पाहून अनुभवी बालरोगतज्ज्ञाला डाऊन सिंड्रोमची शंका लगेच येते. मग आईवडील विचारतात, आणि रास्तच विचारतात, की डॉक्टरांना दिसतंच आहे, तर गुणसूत्रांच्या तपासणीवर पैसे कशाला घालायचे? त्याने बाळ थोडंच बदलणार आहे? बाळ बदलत नाही, हे खरं. पण ही तपासणी एकट्या बाळापुरती नसते. गेल्या आठवड्यात आपण रक्तातून डीएनए वेगळा कसा काढतात ते पाहिलं. आज त्याहून जुनं काम पाहू, कॅरिओटाइपचं, म्हणजे गुणसूत्रं मोजून ओळखण्याचं.

या कामाला जिवंत पेशी लागतात. म्हणून रक्त हिरव्या झाकणाच्या, सोडियम हेपॅरिन असलेल्या नळीत यावं लागतं. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए डीएनएच्या तपासणीला उत्तम, पण पेशी वाढवायला मारक. बाळाचं दोन मिलिलिटर रक्त पुरतं. ते प्रवासात गोठलं किंवा तापलं, तर मात्र पुढचं सगळं वाया जातं. बाहेरगावाहून आलेली नळी जांभळी निघाली, की आमच्या टेबलावर सगळ्यांचाच चेहरा पडतो, कारण आता त्या तान्ह्याला पुन्हा सुई टोचावी लागणार असते.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी शरीराबाहेर विभागत नाहीत. त्यांना विभागायला लावतं ते राजम्यातून काढलेलं फायटोहिमॅग्लुटिनिन. (कोरेगावचा वाघ्या घेवडा याच जातीतला.) त्याचा हा गुण फिलाडेल्फियात पीटर नोवेल यांनी १९६० मध्ये दाखवून दिला. शुक्रवारी कल्चर लावलं, म्हणजे पेशी वाढायला ठेवल्या, की ३७ अंशांवर ७२ तास ठेवून सोमवारी हार्वेस्ट, म्हणजे त्या काढून घ्यायच्या. त्याआधी कोल्सेमिड घालून विभाजन मधेच थांबवायचं, कारण गुणसूत्रं आखूड, जाड आणि सुटी दिसतात ती त्या थोड्या वेळातच. कोल्सेमिड हे कोल्चिसिनच्या कुळातलं द्रव्य, आणि कोल्चिसिन आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही असतं. मग पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात पेशी फुगवायच्या आणि तीन भाग मिथेनॉल, एक भाग ॲसेटिक ॲसिड या मिश्रणात पक्क्या करायच्या.

यानंतरची पायरी वरकरणी सोपी दिसते. पिपेटमधून एक थेंब थंड, ओलसर काचपट्टीवर सोडायचा. थेंब पसरतो, कडेने सुकत येतो, आणि सुकता सुकता पेशीतली गुणसूत्रं एकमेकांपासून सुटी होतात. हा वेग हवेवर ठरतो. जुलैमध्ये मुंबईच्या दमट हवेत थेंब रेंगाळतो, गुणसूत्रं फार लांब पांगतात आणि एखादं शेजारच्या पेशीत जाऊन पडतं. एप्रिलच्या कोरड्या दुपारी थेंब झटकन उडून जातो आणि गुणसूत्रं एकावर एक चढून बसतात. म्हणून पहिली स्लाइड आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, मग थेंबाची उंची, काचेचा ओलावा, खोलीतली हवा जुळवायची आणि मगच बाकीच्या करायच्या. पुढे गुणसूत्रांवर ओळखीचे पट्टे उमटावेत म्हणून ट्रिप्सिनमध्ये काही सेकंद आणि गिम्सा रंग. ट्रिप्सिन कमी झालं तर पट्टे उमटत नाहीत, जास्त झालं तर गुणसूत्रं फुगून विरल्यासारखी होतात. यंत्रं कितीही आली, तरी हा अंदाज अजून हातातच आहे, आणि नव्या मुलांना तो शिकवायला महिने द्यावे लागतात. ते महिने रुग्णालयांनी द्यायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

मग मोजणी. माणसाची गुणसूत्रं ४८ असतात असं पाठ्यपुस्तकं वर्षानुवर्षं सांगत होती. जो हिन च्यो आणि आल्बर्ट लेवान यांनी १९५६ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथून ती ४६ असल्याचं दाखवलं. डाऊन सिंड्रोममध्ये एक जास्तीचं गुणसूत्र असतं, हे १९५९ मध्ये जेरोम लजेन यांच्या नावावर पहिल्यांदा छापून आलं. पण पॅरिसच्या ट्रूसो रुग्णालयात पेशी वाढवण्याचं तंत्र उभं केलं होतं मार्थ गोतिए यांनी. त्या पहिल्या शोधनिबंधात त्यांचं नाव धड छापलंही गेलं नाही. आमच्या पेशातल्या प्रत्येकाने हे नाव लक्षात ठेवलं पाहिजे.

आम्ही साधारण वीस पेशी मोजतो. एखाद्याच पेशीत ४५ आली, तर बहुतेक वेळा एक गुणसूत्र स्लाइड करताना निसटलेलं असतं. काही पेशी खरोखरच वेगळ्या असाव्यात अशी शंका आली, तर मोजणी पन्नासपर्यंत नेतो. डाऊन सिंड्रोमच्या सुमारे ९५ टक्के बाळांत २१ क्रमांकाची तीन सुटी गुणसूत्रं दिसतात, एकूण ४७. तीन-चार टक्के बाळांत मात्र मोजणी ४६ भरते. फक्त आकडा पाहणारा इथे फसेल. पट्टे नीट वाचले, की अनेकदा कळतं की १४ क्रमांकाच्या जोडीतलं एक गुणसूत्र लांब आहे, आणि त्याला २१ चा मोठा तुकडा चिकटलेला आहे. म्हणून एकाने वाचलेल्या पेशी दुसरा तंत्रज्ञ पुन्हा वाचतो आणि मगच अहवाल सहीला जातो.

असा अहवाल निघाला, की लगेच आईवडिलांचं रक्त मागवलं जातं. कधी दोघंही निर्दोष निघतात, म्हणजे हा बदल बाळातच नव्याने झालेला. कधी आईची गुणसूत्रं ४५ भरतात, कारण दोन जोडून एक झालेलं असतं. तिला आजार काही नाही, कारण लागतो तो सगळा जनुकीय ऐवज त्या जोडलेल्या गुणसूत्रात आहेच. पण तिच्या पुढच्या प्रत्येक गर्भारपणात डाऊन सिंड्रोमची शक्यता १० ते १५ टक्के असते. हाच बदल वडिलांमध्ये असेल, तर ती एक टक्क्याच्या आसपास. आणि २१ ला २१ च जोडलेलं असेल, तर त्या पालकाचं जन्माला येणारं प्रत्येक मूल डाऊन सिंड्रोमचंच असतं. उलट, बाळात २१ ची तीन सुटी गुणसूत्रं असतील, तर तरुण आईच्या बाबतीत पुढची शक्यता साधारण एक टक्का. बाळाचा चेहरा या सगळ्या प्रकारांत सारखाच दिसतो.

अशा पुढच्या गर्भारपणात तपासायला आलेल्या गर्भजलाच्या नमुन्यात लिंग ठरवणारी एक्स आणि वाय गुणसूत्रंही आमच्या डोळ्यांसमोर असतात, आणि गर्भाचं लिंग कुणालाही सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याविषयी पुढच्या भागात सविस्तर लिहीन.

तुमच्या घरात किंवा नात्यात डाऊन सिंड्रोमचं मूल असेल, तर त्याचा कॅरिओटाइप झालाय का, एवढं विचारा. झाला नसेल, तर ते मूल आता मोठं झालं असलं तरी करून घ्या. झाला असेल, तर अहवाल जनुकीय समुपदेशकाकडून समजावून घ्या. त्यात गुणसूत्र जोडलेलं आढळलं आणि ते आई किंवा वडिलांकडून आलेलं निघालं, तर तपासणी आईवडिलांवर थांबवू नका. ज्या बाजूकडून ते आलं, त्या बाजूच्या मावशी, मामा, काका, आत्या यांनाही त्या अहवालाची प्रत द्या.