चिनी अक्षरांतील ग्रह आणि चंद्र

जपानांतील कोणत्याहि घरांतली दिनदर्शिका पाहिली, तर मंगळवाराच्या रकान्यावर एक लहानसें अक्षर छापलेलें आढळतें. त्याचा अर्थ 'अग्नि'. बुधवारावर 'जल', गुरुवारावर 'काष्ठ', शुक्रवारावर 'धातु' किंवा 'सुवर्ण', शनिवारावर 'मृत्तिका', आणि आठवड्याच्या आरंभींच्या दोन दिवसांवर 'सूर्य' व 'चंद्र'. प्रथमदर्शनीं हा पंचमहाभूतांचाच कांहीं प्रकार असावा असें वाटतें. पण चिनी ज्योतिषांत मंगळाला 'अग्नितारा', बुधाला 'जलतारा', गुरूला 'काष्ठतारा', शुक्राला 'धातुतारा' आणि शनीला 'मृत्तिकातारा' म्हणतात, हें कळलें कीं कोडें सुटतें. जपानी माणसाचा 'कायोबी' तोच आपला मंगळवार आणि त्याचा 'सुइयोबी' तोच आपला बुधवार. वारांचा क्रम तोच, प्रत्येक वाराचा स्वामी ग्रहहि तोच. इतकें तंतोतंत साम्य योगायोगानें येत नाहीं.

तें आलें कसें, हें पाहण्यापूर्वीं ग्रहांच्या नांवांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. चिनी पंचतत्त्वें म्हणजे आपलीं पंचमहाभूतें नव्हेत. त्यांत वायु नाहीं, आकाश नाहीं. त्यांऐवजीं काष्ठ आणि धातु आहेत. ग्रहांना या तत्त्वांचीं नांवें मिळण्याच्या आधीं प्रत्यक्ष निरीक्षणावरून पडलेलीं दुसरींच नांवें प्रचारांत होतीं, आणि तीं अधिक बोलकीं आहेत. शुक्राला 'महाश्वेत' म्हणत. मंगळाच्या नांवाचा अर्थ 'मिणमिणत भुलविणारा' असा होई. मध्येंच थांबून उलट चालूं लागणाऱ्या या तांबड्या ग्रहाला याहून समर्पक नांव सांपडणें कठीण. गुरूचें नांव 'वर्षतारा'. सूर्याभोंवतीं एक प्रदक्षिणा घालण्यास त्याला सुमारें ११.८६ वर्षें लागतात. म्हणजे आकाशाचे बारा भाग कल्पिले, तर तो दर वर्षीं जवळजवळ एक भाग ओलांडतो. या नांवांतील 'वर्ष' हें अक्षर आजहि चिनी मनुष्य आपलें वय सांगतांना वापरतो. आपल्याकडे पाडव्याला पंचांग उघडून नव्या संवत्सराचें नांव वाचतात. त्या साठ संवत्सरांचें चक्र म्हणजे याच बृहस्पतीच्या पांच फेऱ्या होत.

तत्त्वांवरून पडलेलीं नांवें मात्र आजच्या ज्ञानाशीं ताडून पाहिलीं असतां मोठी गंमत दिसते. 'अग्नितारा' मंगळ हा वस्तुतः थंडगार ग्रह असून त्याचें सरासरी तपमान शून्याखालीं सुमारें साठ अंश सेंटिग्रेड आहे. 'मृत्तिकातारा' शनि याला पाय टेकण्याजोगी जमीनच नाहीं. त्याची सरासरी घनता पाण्याहूनहि कमी आहे. 'जलतारा' बुध दिवसा चारशें अंशांहून अधिक तापतो, तेव्हां तेथें पाण्याचें नांव काढणें म्हणजे थट्टाच, असें कोणालाहि वाटेल. पण येथें जुन्या नांवाची बाजू अनपेक्षितपणें राखली गेली. बुधाच्या ध्रुवांजवळील कांहीं विवरांच्या तळाशीं सूर्यकिरण कधींच पोंचत नाहीं, आणि तेथें पाण्याचें बर्फ सांठलेलें आहे, या गोष्टीला २०१२ सालीं 'मेसेंजर' यानानें भक्कम पुरावा दिला. अर्थात् नांव ठेवणाऱ्यांना याची कल्पना असणें शक्य नव्हतें.

आतां वारांकडे वळूं. सात वारांची गणना चीनमध्यें उपजलेली नाहीं. तशी ती मूळची भारतांतलीहि नाहीं. ग्रीक ज्योतिषाशीं आलेल्या संबंधांतून ती इकडे रुजली, आणि एरण येथील बुधगुप्ताच्या काळच्या इ. स. ४८४ च्या स्तंभलेखांत गुरुवाराचा उल्लेख येतो, तो आपल्याकडील वाराच्या सर्वांत जुन्या उल्लेखांपैकीं एक होय. येथून पुढें तिनें बौद्ध ग्रंथांचा हात धरून हिमालय ओलांडला. आठव्या शतकांत चीनच्या राजधानींत गौतम सिद्ध नांवाचा भारतीय वंशाचा ज्योतिषी राजवेधशाळेचा प्रमुख होता. त्यानें ७१८ सालीं नवग्रहांवर आधारलेल्या भारतीय गणिताचें चिनी रूपांतर केलें. त्यांत ज्यांचें कोष्टक होतें आणि शून्यासाठीं एक ठिपका देण्याची रीतहि सांगितलेली होती. राहु आणि केतु हे आपले दोन छायाग्रह 'लोहोउ' आणि 'जीदू' अशीं नांवें घेऊन चिनी पंचांगांत शिरले. पुढें ७५९ सालीं अमोघवज्र या बौद्ध आचार्यानें नक्षत्रें आणि वार यांवरील एक ग्रंथ चिनी भाषेंत सिद्ध केला, आणि पांच वर्षांनीं त्याच्या शिष्यानें त्यावर टीपा लिहिल्या. त्या टीपांतील एक सूचना वाचून हंसूं येतें. आज कोणता वार हें विसरलांत, तर एखाद्या सोग्दी, इराणी किंवा भारतीय माणसाला विचारा, असा तिचा आशय आहे! म्हणजे चिनी नागरिकाला वार ठाऊक नव्हता, आणि राजधानीच्या बाजारपेठेंत वावरणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांना तो तोंडपाठ होता.

हाच ग्रंथ ८०६ सालीं कूकाई या भिक्षूनें चीनहून जपानला नेला. तेथील राजदरबारांतील पंचांगांत रविवारापुढें 'मी' असा उच्चार असणारें एक अक्षर लिहीत. तो शब्द चिनी नव्हे आणि जपानीहि नव्हे. सोग्दी भाषेंतील सूर्यवाचक 'मीर' या शब्दाचा तो अवशेष आहे. अकराव्या शतकाच्या आरंभींचा सत्ताधीश फुजिवारा मिचिनागा याची हस्तलिखित रोजनिशी अशाच पंचांगावर लिहिलेली असून ती आजहि जपून ठेवलेली आहे. वार पाहावयाचा तो शुभाशुभासाठीं. रविवारची सुटी सरकारी कचेऱ्यांना मिळाली ती १८७६ सालीं, आणि तेव्हां हीं हजार वर्षांचीं जुनीं नांवें आयतींच हाताशीं होतीं. चीननें मात्र आधुनिक काळांत वारांना नुसते क्रमांक दिले. तेथें मंगळवार म्हणजे 'दुसरा'. आठवड्यासाठीं त्यांच्या शब्दांत 'तारा' हें अक्षर तेवढें उरलें आहे, ग्रह गेले.

एकच अक्षर चिनी मनुष्य एका प्रकारें वाचतो आणि जपानी मनुष्य दुसऱ्या प्रकारें, हें नवख्या माणसाला चमत्कारिक वाटतें. पण त्यांत चमत्कारिक असें कांहीं नाहीं. सात हा आंकडा मराठी मनुष्य 'सात' असा वाचतो आणि कानडी मनुष्य 'एळु' असा. आंकडा उच्चार दाखवीत नाहीं, अर्थ दाखवितो. चिनी अक्षरांचेंहि तसेंच. चंद्राचें अक्षर जपानांत प्रसंगानुसार 'त्सुकी', 'गेत्सु' किंवा 'गात्सु' असें वाचतात. हें अक्षर म्हणजे मूळची चंद्रकोर होय. आन्यांग येथें सांपडलेल्या, तीन हजार वर्षांपूर्वींच्या अस्थिलेखांत तिचा बांक स्पष्ट दिसतो. पुढें कुंचल्याच्या सोयीसाठीं रेषा सरळ होत गेल्या आणि आज एका उभट चौकटींत दोन आडव्या रेघा उरल्या. चंद्र आणि महिना या दोहोंना एकच अक्षर आहे, याचें आपल्याला नवल वाटूं नये. आपल्या 'मास' या शब्दाची मूळ वाटहि चंद्राकडेच जाते, आणि फारसींतून आलेल्या 'महिना' या शब्दांत चंद्रच बसलेला आहे.

तथापि चित्रावर फार विसंबतां येत नाहीं. यकृत, जठर, फुप्फुस यांच्या अक्षरांत डावीकडे किंवा खालीं चंद्रासारखेंच एक चिन्ह असतें. त्यावरून चिनी वैद्यकानें शरीराचा संबंध चंद्राशीं जोडला होता असा तर्क करणारा फसतो. तें चिन्ह मांसाचें आहे. लिहितां लिहितां दोन निराळीं चिन्हें एकरूप झालीं, इतकेंच. 'तारा' या अक्षराची कथा याहून बोधप्रद आहे. प्राचीन रूपांत कांहीं लहान वर्तुळें, म्हणजे तारकांचा पुंजका, आणि त्यांच्याशीं जोडलेलें 'शंग' या उच्चाराचें दुसरें एक अक्षर असे. वर्तुळें अर्थ सुचवीत आणि जोडलेलें अक्षर उच्चार सुचवी. आज त्या वर्तुळांपैकीं एकच उरलें आहे, आणि तें सूर्याच्या अक्षरासारखें दिसतें. चिनी लिपी ही चित्रलिपी आहे असें सर्रास म्हणतात. पण तिचीं बहुतेक अक्षरें अशीं अर्थ आणि ध्वनि यांच्या जोडणीनेंच बनलेलीं आहेत.

याच अक्षरांत लिहून ठेवलेल्या ग्रहणांच्या नोंदी आज एका निराळ्याच कामीं येत आहेत. इ. स. पूर्व १८१ च्या ४ मार्चला हान राजवंशाची राजधानी चांगआन येथें भर दिवसा अंधार पडला. त्या वेळीं राज्याचीं सूत्रें सम्राज्ञी ल्यू हिच्या हातीं होतीं. तिची सत्ता अनेकांच्या रक्तावर उभी होती. हें ग्रहण आपल्यामुळेंच घडलें असें ती खिन्नपणें म्हणाली, अशी इतिहासकारांनीं नोंद केली आहे. दुसऱ्या वर्षीं ती वारली. दरबारी लेखकाला या प्रसंगांत राज्यकर्त्याचा दोष दिसला. आजच्या ज्योतिर्विदाला त्यांतील तारीख आणि स्थळ तेवढें हवें असतें.

तें अशासाठीं. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांच्या गति ठाऊक असल्या, म्हणजे जुनें ग्रहण कोठें दिसलें असावें हें गणितानें काढतां येतें. परंतु पृथ्वीचा दिवस तेव्हांहि आजच्या एवढाच होता असें धरून गणित केलें, तर त्या ग्रहणाची छाया चांगआनवर पडतच नाहीं. ती कित्येक हजार किलोमीटर पश्चिमेस जाते. हा फरक सुमारें तीन तासांहून अधिक काळाचा आहे. याचा अर्थ असा कीं तेव्हांचा दिवस आजच्याहून किंचित् लहान होता. ही वाढ एका शतकांत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दुपटीहूनहि कमी. पण रोज अगदीं थोडें पुढें जाणारें घड्याळ आठ लाख दिवस चालूं दिलें, तर त्याची चूक तासांत मोजावी लागते, तसा हा प्रकार आहे. पृथ्वीचा वेग मंदावतो तो मुख्यतः चंद्रामुळें उठणाऱ्या भरतीओहोटीच्या घर्षणानें, आणि त्याच देवघेवींत चंद्र दर वर्षीं सुमारें ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो. हें दुसरें मोजमाप १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर प्रकाशकिरण सोडून घेतलेलें आहे. पहिल्यासाठीं मात्र बोरू आणि कुंचला यांनीं लिहिलेलीं बाबिलोनची, अरबांचीं आणि चीनचीं दप्तरेंच चाळावीं लागतात. सर्व नोंदी विश्वसनीय नाहींत. कांहीं ग्रहणें गणितानें मुळीं घडलेलींच दिसत नाहींत. जेथें ग्रहण हा राजावरील ठपका समजत, तेथें तारखा पारखूनच घ्याव्यात हें उचित होय.

नवे ग्रह सांपडले तेव्हां पांच तत्त्वें संपलेलीं होतीं. १७८१ सालीं दिसलेल्या युरेनसला त्याच्या ग्रीक नांवाचा अर्थ पाहून 'गगनराज' आणि १८४६ सालच्या नेपच्यूनला 'सागरराज' अशीं नांवें रूढ झालीं. आपल्या पंचांगकर्त्यांनीं पहिल्याला शोधकाच्या नांवावरून 'हर्षल' केलें, आणि तें नांव इतकें अंगवळणी पडलें आहे कीं त्यामागें मूळचा जर्मन असलेला एक ज्योतिषी उभा आहे हें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. १९३० सालीं प्लूटो सांपडला. त्याच वर्षीं नोजिरी होएई या जपानी लेखकानें 'पाताळराज' अशा अर्थाचें नांव सुचविलें, आणि चीन व कोरिया यांनीं तेंच घेतलें. व्हिएतनामनें मात्र त्याला आपल्याकडील यमाचें नांव दिलें. बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेलेला यमराज अशा रीतीनें सूर्यमालेच्या कांठावर जाऊन बसला. २००६ सालीं ज्योतिर्विदांनीं प्लूटोचें ग्रहपद काढून घेतलें, तरी तें नांव कायम आहे.

उपग्रहाला चिनी भाषेंत 'रक्षकतारा' म्हणतात, आणि ग्रहोग्रहींच्या चंद्रांना पाश्चात्य पुराणांतील नांवांऐवजीं पहाऱ्यावरील शिपायांप्रमाणें क्रमांक देतात. गुरूचा गॅनिमिड हा 'काष्ठरक्षक तीन'. त्याचा व्यास ५,२६८ किलोमीटर असून तो बुध ग्रहाहूनहि मोठा आहे. शनीच्या ज्ञात चंद्रांची संख्या २०२५ सालीं २७४ झाली, तेव्हां क्रमांकांची ही पद्धति शहाणपणाची म्हणावी लागेल. मंगळाचा फोबोस हा 'अग्निरक्षक एक'. तो ७ तास ३९ मिनिटांत मंगळाभोंवतीं फेरी पुरी करितो. मंगळाचा दिवस त्याच्या तिपटीहून मोठा असल्यामुळें तेथून पाहणाऱ्याला हा चंद्र पश्चिमेस उगवतांना आणि पूर्वेस मावळतांना दिसेल. तो हळूहळू खालीं उतरत आहे, आणि कांहीं कोटि वर्षांनीं ज्याचें रक्षण करावयाचें त्याच ग्रहावर त्याचे तुकडे कोसळतील, किंवा त्यांचें एक कडें बनेल.

पृथ्वीच्या चंद्रावर चिनी कल्पनेंत ससा राहतो. आपणहि चंद्राला शशांक म्हणतोंच. चीननें २०१३ सालीं चंद्रावर उतरविलेल्या गाडीचें नांव 'मणिशशक' होतें, आणि तिची दुसरी आवृत्ति जानेवारी २०१९ मध्यें चंद्राच्या पलीकडील, पृथ्वीवरून कधींहि न दिसणाऱ्या बाजूवर उतरली. तेथून पृथ्वीकडे सरळ संदेश धाडतां येत नाहीं. म्हणून २०१८ सालींच एक रक्षकतारा चंद्राच्या पलीकडे ठेवण्यांत आला होता. अभिजित् ही कोष्टीण आणि श्रवण हा गुराखी. आकाशगंगेनें त्यांची ताटातूट केली आहे, आणि वर्षांतून एके रात्रीं कावळ्याच्या कुळांतले काळेपांढरे पक्षी पंखांचा पूल करून त्यांची भेट घडवितात, अशी चिनी लोककथा आहे. त्या संदेशवाहकाचें नांव तोच 'पक्ष्यांचा पूल'.