एफील्ड्स : टेबलाची रचना सांगणारे फंक्शन

फॉक्सप्रोमध्ये टेबल उघडून एफील्ड्स हे फंक्शन चालवले, की त्या टेबलातील प्रत्येक फील्डची माहिती एका ॲरेमध्ये भरून मिळते. ॲरेची एक ओळ म्हणजे एक फील्ड. पहिल्या रकान्यात फील्डचे नाव, दुसऱ्यात प्रकार, तिसऱ्यात रुंदी, चौथ्यात दशांश स्थळे. फील्ड एकूण किती, हा आकडा फंक्शन परत देते. लूप किती वेळा फिरवायचा ते त्यावरून ठरते. फॉक्सप्रो 2 मध्ये रकाने एवढेच होते. व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये नल चालते का, तपासणीचा नियम कोणता, तो मोडल्यास कोणता संदेश दाखवायचा, काहीच न भरल्यास कोणती किंमत धरायची, अशी भर पडत शेवटच्या आवृत्त्यांत ते 18 झाले.

पहिल्या चार रकान्यांतली माहिती टेबलाच्या डीबीएफ फाइलच्या हेडरमध्येच असते. 1984 च्या डीबेस थ्रीने रूढ केलेल्या रचनेत पहिले 32 बाइट सबंध टेबलाचे: शेवटच्या बदलाची तारीख, रेकॉर्डची संख्या, हेडरची आणि एका रेकॉर्डची लांबी. त्यापुढे दर फील्डला 32 बाइट. त्यांतले पहिले 11 नावासाठी, पण शेवटचा शून्यासाठी राखीव, म्हणून नाव फार तर 10 बाइटांचे. बाराव्या बाइटमध्ये प्रकार: सी म्हणजे मजकूर, एन संख्या, डी तारीख, एल होय-नाही, एम मेमो. सतराव्यात रुंदी, अठराव्यात दशांश स्थळे. सगळी फील्ड संपली, की 13 ही किंमत असलेला एक बाइट. पाच फील्डच्या टेबलाचे हेडर अशा रीतीने 193 बाइटांत आटोपते. इतकी काटकसरीची आणि तरीही पूर्ण रचना विरळाच. व्हिज्युअल फॉक्सप्रो तिला आणखी 263 बाइट जोडते. टेबल ज्या डेटाबेसचे असेल त्याचा पत्ता तिथे राहतो. लांब नावे आणि तपासणीचे नियम त्या डेटाबेसच्या फाइलमध्ये असतात, आणि एफील्ड्स ते तिथून आणते.

खरी गरज पडते ती दोन टेबले जोडताना. एकात नावाचे फील्ड 40 रुंदीचे आणि दुसऱ्यात 25 चे असेल, तर अपेंड करताना जास्तीचा मजकूर कापला जातो आणि कुठलीही सूचना मिळत नाही. दोन्हींचे ॲरे आधी ताडून पाहिले, तर हे नुकसान टळते. रचना कायम ठेवायची असेल तर ‘कॉपी स्ट्रक्चर एक्स्टेंडेड’ ही आज्ञा तीच माहिती नव्या टेबलात उतरवते, आणि ‘क्रिएट फ्रॉम’ त्या टेबलावरून पुन्हा तशीच रिकामी फाइल बनवते.

फॉक्सप्रोबाहेर हीच सोय वेगळ्या रूपात मिळते. टेबलांचे वर्णनही टेबलांतच असावे आणि नेहमीच्याच भाषेत ते विचारता यावे, हा एडगर कॉड यांनी 1985 मध्ये रिलेशनल डेटाबेससाठी मांडलेल्या नियमांपैकी चौथा नियम. एसक्यूएलच्या 1992 च्या मानकात त्यासाठी इन्फर्मेशन स्कीमा आली. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये तिच्या ‘कॉलम्स’ या व्ह्यूवर साधी सिलेक्ट क्वेरी चालते. ओरॅकलचे व्ह्यू स्वतःचे आहेत. एसक्यूलाइटमध्ये ‘टेबल इन्फो’ नावाची प्रॅग्मा आहे.

मराठी माहिती ठेवणाऱ्याने रुंदीचा रकाना विशेष लक्ष देऊन वाचावा. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, 3 बाइट घेते. नकाशांच्या शेपफाइलमध्ये आजही डीबीएफच असते. नावाच्या 10 बाइटांच्या मर्यादेत तिथे ‘गाव’ हे फील्डनाव 9 बाइटांत मावते, ‘तालुका’ला 18 लागतात म्हणून ते मावत नाही. ‘महाराष्ट्र’ या शब्दात 10 चिन्हे आणि 30 बाइट आहेत. ओरॅकलमध्ये 10 रुंदीचा मजकूर-रकाना सहसा बाइटांत मोजला जातो, तेव्हा हा शब्द त्यात जात नाही; मायएसक्यूएलमध्ये रुंदी चिन्हांत मोजतात, त्यामुळे तेवढ्याच रुंदीत तो नीट बसतो. म्हणून मायएसक्यूएलची इन्फर्मेशन स्कीमा कमाल लांबी दोनदा सांगते: एका चिन्हाला कमाल 4 बाइट धरणाऱ्या यूटीएफ-8-एमबी-4 मधल्या 10 रुंदीच्या मजकूर-रकान्यासाठी (व्हारचार) चिन्हांत 10 आणि बाइटांत 40.