होळीनंतरही पाहुणे असतातच

महाशिवरात्र उलटली, थंडी ओसरली, की ‘पाहुणे पक्षी गेले’ असे समजून अनेकजण दुर्बिणी कपाटात ठेवतात. बुलढाणा जिल्ह्यात तरी हे खरे नाही. पट्टकादंब आणि काही बदके लवकर निघतात, पण धोबी, भारीट, पळसमैना मार्चभर असतात, काही एप्रिलातही. घाटाखाली खामगाव-मलकापूरकडे ऊन तापते म्हणून ते पळ काढतात, ही समजूतही अपुरी आहे. वाढत जाणारा दिवस आणि अंगातले उपजत घड्याळ त्यांना निघायची वेळ सांगते, आणि आधी चरबी साठवायला लावते.

या दिवसांत ‘नवाच पक्षी आला’ असेही ऐकू येते. बहुतेकदा पक्षी जुनाच असतो, पिसारा बदललेला असतो. डिसेंबरात मळकट दिसणारा पिवळा धोबी परतण्यापूर्वी पिसे बदलतो आणि पिवळाधमक होतो. कोकीळही वसंतात कुठून येत नाही. तो वर्षभर इथेच असतो, थंडीत गप्प असतो, एवढेच. आणि गातो तो नर.

सर्वांत जास्त अन्याय होतो तो पळसमैनेवर, म्हणजेच भोरडीवर. रब्बी ज्वारीच्या कणसांवर तिचे थवे पडतात, हे खरे आहे. मचाणावर गोफण घेऊन बसणाऱ्याचा राग मला समजतो. पण ‘भोरडी म्हणजे फक्त नासाडी’ हे अर्धेच सत्य आहे. ती टोळ, नाकतोडे आणि अळ्या भरपूर खाते. मध्य आशियात तिची वीण टोळांच्या भरवशावर चालते, म्हणून चीनच्या शिनजियांगमध्ये टोळ आटोक्यात ठेवायला तिच्यासाठी मुद्दाम घरटी बांधली जातात. आपल्याकडे पळस आणि काटेसावर फुलली की ती मधावर तुटून पडते. चोचीला-डोक्याला लागलेले पराग एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. तिच्या गुलाबी रंगासाठी मात्र धोब्यासारखी नवी पिसे येत नाहीत: हिवाळी पिसांच्या मळकट कडा झिजतात आणि खालचा रंग उघडा पडतो. हजारो किलोमीटरच्या प्रवासाआधी तिला हा मध आणि किडे लागतात. म्हणून बांधावरचा पळस ‘कुचकामी’ ठरवून तोडला जातो, तेव्हा फार वाईट वाटते.

धरणातले पाणी घटले की पक्षी संपले, असेही मानले जाते. खोल पाण्यातल्या बदकांची अडचण होते खरी. पण खडकपूर्णासारख्या जलाशयाचे पाणी मागे सरते तेव्हा उघडा पडणारा चिखल हेच तुतवार, शेकाट्यांचे ताट. गाळपेरीच्या हंगामात त्या काठाला कुत्री आणि गाड्यांपासून थोडी शांतता मिळाली, तरी पुष्कळ होईल.

पट्टकादंब एव्हरेस्टवरून उडतात, ही कथा फार लोकप्रिय आहे. उपग्रह-यंत्रे लावून माग काढला तेव्हा त्यांची सर्वाधिक उंची सुमारे 7,300 मीटर भरली. शक्य तिथे ते खिंडी आणि दऱ्यांमधूनच जातात, बहुधा रात्री किंवा पहाटे, थंड आणि दाट हवेत.

उरले लोणार सरोवर. तिथले पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे, म्हणून ते ‘निर्जीव’ समजले जाते. प्रत्यक्षात त्यात सूक्ष्म शैवाले आणि जिवाणू भरपूर आहेत, काठाला गोड्या पाण्याच्या धारा आहेत, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये या सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा जाहीर झाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले ते मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंगही पाण्यात भिजून चढत नाही, तो खाद्यातल्या कॅरोटिनॉइडमधून येतो. म्हणून थव्यातले राखी-पांढुरके रोहित आजारी नसतात, लहान वयाचे असतात. त्यांना सरसकट ‘परदेशी’ म्हणणेही चूक आहे, कारण मोठा रोहित कच्छच्या रणातही वीण करतो.