देवाला कोणी केलं?



आमच्या वसतिगृहात सातवीत शिकणाऱ्या एका वारली मुलाने संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर विचारले, "ताई, सगळं देवाने केलं, तर देवाला कोणी केलं?" मी दमले होते. "असले प्रश्न विचारू नयेत," म्हणून मोकळी झाले. त्यानंतर त्याने मला काहीच विचारले नाही, गणितातलेसुद्धा नाही. ते मनाला लागले. मग डिप्लोमाच्या वेळच्या वह्या काढून बसले.

प्रश्न जुनाच आहे. बर्ट्रांड रसेल या तत्त्वज्ञानेही १९२७ च्या एका भाषणात तो मांडला होता : प्रत्येक गोष्टीला कारण हवे, तर देवालाही हवे. पण तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस असे म्हणतच नाहीत. त्यांच्या पाच मार्गांपैकी तिसरा मार्ग अशा गोष्टींबद्दल आहे, ज्या असू शकतात आणि नसूही शकतात. डोंगर, नदी, तुम्ही, मी. आपले असणे आपल्या पदरचे नाही, ते कुठून तरी मिळालेले आहे. सगळेच उसने घेणारे असतील, तर मुळात द्यायला आणले कोणी? ज्याचे असणे उसने नाही असा कोणी तरी हवा. त्याला कोणी केले, हे विचारणे म्हणजे मिठाला खारट कोणी केले असे विचारणे.

आणि हे फक्त फार पूर्वीच्या आरंभाबद्दल नाही. जगाला आरंभ आहे हे विश्वासाने कळते, बुद्धीने सिद्ध करता येत नाही, असे अक्वायनस स्वतःच मानत. त्यांचा भर आत्ताच्या क्षणावर आहे. गवंडी निघून गेला तरी घर उभे राहते. सूर्य गेला की उजेड मात्र राहत नाही. सृष्टी देवाकडे पाहता उजेडासारखी आहे.

१९४८ मध्ये बीबीसी रेडिओवर फादर कोपलस्टन यांनी रसेल यांच्यापुढे असाच युक्तिवाद ठेवला. रसेल यांचे म्हणणे, विश्व आहे, बस्स. संपूर्ण विश्वाचे कारण मागण्यात अर्थ नाही. प्रामाणिक उत्तर आहे, पण मला पटत नाही. पाड्यावर एखादे मूल तापाने फणफणले तर आपण कारण शोधतो. मग सर्वांत मोठ्या प्रश्नाशीच का थांबायचे? अर्थात एवढ्याने देव आपल्यावर प्रीती करतो हे सिद्ध होत नाही. त्यासाठी वधस्तंभाकडेच जावे लागते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा परतला, तेव्हा मी त्याला तारपा नाचाबद्दल विचारले. "वाजवणारा थांबला तर?"

"नाच थांबतो."

"आणि तारपा कोणी बनवला तो माणूस घरी झोपला तर?"

तो हसला. "नाच चालूच."

"देव नुसता बनवणारा नाही रे, वाजवणारा आहे. आत्ता, या क्षणी."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, मग तो दमत नाही का?"

त्या रात्री प्रार्थनेला आम्ही यशयाचा चाळिसावा अध्याय काढला. वाचायला त्यालाच सांगितले.