पुरावा दप्तरात आहे, पण वाचणार कोण?

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतला जमिनीचा दावा दिसायला साधा असतो. शेत एक, भावकी दोन, कधी मालक आणि कूळ. पण त्यामागे कागदांची जी साखळी असते ती तीन राजवटींतून आणि तीन-चार लिप्यांतून आलेली असते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, नारायणखेड आणि जहिराबादचा बहुतेक भाग आंध्रात, तर भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हा पट्टा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. त्यामुळे भालकीच्या एखाद्या शेतकऱ्याच्या हक्काचा माग काढायचा, तर १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याखालची संरक्षित कुळांची नोंदवही पाहावी लागते, १९५४-५५ ची खासरा पहाणी पाहावी लागते आणि १ मार्च १९७४ च्या लगेच आधी जमीन कोण कसत होते हेही पाहावे लागते, कारण कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्यात कुळाचा हक्क त्या तारखेवर ठरतो. यातला जुना भाग उर्दूत, नंतरचा कन्नडमध्ये, घरच्या वाटण्या आणि खरेदीखते मराठीत, त्यातली काही मोडीत. आणि अपील उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी खंडपीठात गेले की कामकाज इंग्रजीत. माझे म्हणणे असे की कृत्रिम बुद्धिमत्तेची न्यायदानातली सर्वांत मोठी गरज अशा ठिकाणी आहे, आणि ती गरज निकाल लिहिण्याची नाही. पुरावा कुठे पडला आहे हे दाखवण्याची आहे.

कायद्याने पुरावा शोधण्याचा हक्क दोन्ही पक्षांना दिला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ११ खाली एक पक्ष दुसऱ्याला त्याच्याकडची कागदपत्रे शपथेवर जाहीर करायला लावू शकतो. फौजदारी खटल्यात दोषारोपपत्रासोबतची कागदपत्रे आरोपीला विनामूल्य मिळतात. सरकारी दप्तरातली नक्कल अर्ज करून मागता येते. पण या सगळ्या तरतुदींमध्ये एक गृहीत धरलेले असते, ते म्हणजे मागणाऱ्याला काय मागायचे हे ठाऊक आहे. नकलेच्या अर्जात गाव, सर्व्हे नंबर आणि साल लिहावे लागते. ज्याला जुना सर्व्हे नंबर माहीत नाही, ज्याला नोंद कोणत्या वहीत आहे हे सांगणारे कोणी नाही, त्याच्या हक्काचा कागद तहसील कचेरीच्या कपाटात सुरक्षित असूनही त्याच्यासाठी नसल्यासारखाच. दाव्याचा निकाल मग पुराव्यावर कमी आणि रेकॉर्ड रूमची माहिती कोणाला आहे यावर जास्त अवलंबून राहतो.

माणसाने कागद चाळले की सगळे सापडते, हाही समज खरा नाही. अमेरिकेत डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन या संशोधकांनी १९८५ मध्ये याची परीक्षा प्रसिद्ध केली. एका रेल्वे अपघाताच्या दाव्यात सुमारे ४० हजार दस्तऐवज संगणकात होते आणि वकील शब्द टाकून त्यांतून उपयोगाचे निवडत होते. आपल्याला किमान तीन चतुर्थांश कागद मिळाले, अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्षात मिळाले होते सुमारे एक पंचमांश. कारण साधे होते. एकाच घटनेला प्रत्येकाने वेगळा शब्द वापरला होता. पुढे यातूनच दुसरी पद्धत आली. वकील आधी काही कागद स्वतः वाचून उपयोगाचे आणि बिनउपयोगाचे असे वेगळे करतो, यंत्र त्या निवडीतून शिकते आणि उरलेल्या लाखो कागदांना क्रम लावते, वकील वरचे कागद पुन्हा तपासून यंत्राची चूक दुरुस्त करतो, आणि ही फेरी अनेकदा होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संघराज्य न्यायालयाने सुमारे तीस लाख ईमेल असलेल्या दाव्यात या पद्धतीला मान्यता दिली आणि २०१६ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयानेही दिली.

मात्र तिथले यंत्र उचलून बीदरला आणले तर ते चालणार नाही. तिथे कागद टाइप केलेला आणि एका भाषेतला होता. इथे आधी अक्षर लागले पाहिजे. उर्दूच्या शिकस्ता वळणात लिहिणारा घाईत नुक्ते गाळतो, आणि नुक्ते गेले की ‘बाबू’ आणि ‘नानू’ ही दोन नावे एकसारखी दिसतात, कारण त्या लिपीत ब आणि न यांचे शब्दातले वळण एकच असते, फरक फक्त नुक्त्याचा. ‘मलप्पा’ आणि ‘मल्लप्पा’ यांतला फरक तर बहुधा लिहिलेलाच नसतो. तोच माणूस कन्नड पहाणीत वडिलांच्या नावासह येतो आणि मराठी वाटणीपत्रात आडनावासह. तारखांचे कोडे वेगळेच. निजामी दप्तरातले १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ पासूनचे वर्ष. ते साल हिजरी समजून यंत्राने मोजले तर उत्तर १९३८ येते, आणि जवळजवळ दहा वर्षांची ही चूक कुळाचा ताबा जिथे सिद्ध व्हायचा ते वर्षच दाव्याबाहेर ढकलते. म्हणून या भागासाठी जे यंत्र हवे त्याला तीन कामे आली पाहिजेत. जुने हस्ताक्षर वाचणे, एका माणसाची अनेक लिप्यांतली नावे जुळवणे आणि फसली साल इंग्रजी सालात नेमके बसवणे.

हे काम किती मोठे असते याचे उदाहरण शेजारच्या मराठवाड्यात नुकतेच घडले. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदी शोधायला सांगितले. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, पुराव्याच्या शोधाचा अभ्यास म्हणून तो प्रसंग पाहण्यासारखा आहे. पहिल्या टप्प्यात सुमारे १ कोटी ७२ लाख नोंदी तपासल्या गेल्या आणि त्यांत ११ हजार ५३० कुणबी नोंदी सापडल्या, असे सरकारने त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर सांगितले. म्हणजे सरासरी दीड हजार नोंदी पाहाव्यात तेव्हा एक मिळते. मोडी, उर्दू आणि फारसी जाणणारे शोधावे लागले. हे सरकारच्या बळावर झाले, कारण मागणीमागे लाखो लोक होते. औरादच्या एका विधवेच्या शेतासाठी अशी समिती कोणी नेमणार नाही. तिच्यासाठी तेवढीच चाळण करू शकेल असे साधन यंत्रच असू शकते. त्या दिशेने पाऊलही पडले आहे. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडी कागदांच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा आणि त्यांचे देवनागरी लिप्यंतर असा संच तयार करून त्यावर यंत्राला मोडी वाचायला शिकवले. कर्नाटक सरकारने भूसुरक्षा योजनेखाली तहसील कचेऱ्यांतले जुने महसुली कागद स्कॅन करायला घेतले आहेत. पण स्कॅन केलेला कागद म्हणजे नुसते चित्र. त्यातले नाव शोधता येत नाही तोवर कपाटातली अडचण संगणकात गेली, एवढाच फरक पडतो.

आता मुख्य मुद्दा. सापडणे आणि शाबीत होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि यंत्राने पहिलीवर थांबले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला असेल तर न्यायालय तो खरा असल्याचे गृहीत धरू शकते. पण ते गृहीतक मूळ कागदाला आहे, यंत्राने केलेल्या वाचनाला नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबाबत आपली न्यायालये किती काटेकोर आहेत हे जालन्याच्या निवडणूक खटल्याने दाखवले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाले का, हा प्रश्न निवडणूक कचेरीतल्या व्हिडिओ चित्रणावर येऊन ठेपला, आणि त्याच प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ उपकरण हजर नसेल तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. ही शिस्त सैल करायचे कारण नाही. यंत्राने म्हणावे की अमुक गावच्या अमुक वहीचे अमुक पान पाहा. पुढे प्रमाणित नक्कल काढणे, जाणकाराकडून वाचून घेणे, साक्षीदाराची उलटतपासणी आणि निशाणी पडणे हे सगळे आजच्यासारखेच व्हावे. असे झाले तर यंत्राने चुकीचे पान दाखवल्यास वकिलाचा तासभर जाईल. तेच वाचन थेट पुरावा मानले तर एखाद्याचे शेत जाईल.

पहिला आक्षेप असा की ही यंत्रे नसलेले रचून सांगतात. आक्षेप खरा आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचा दाखला देणाऱ्या वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. मार्च २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाला आढळले की बंगळुरूच्या एका दिवाणी न्यायालयाच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाचे जे निवाडे उद्धृत केले होते ते कुठेच नव्हते, आणि न्यायालयाने त्याची गंभीर दखल घेतली. पण दोन्हीकडे धोका आला तो मजकूर खरा मानून पुढे नेल्यामुळे. शोधयंत्राला मजकूर रचायची मुभाच देऊ नये. त्याच्या प्रत्येक ओळीसमोर मूळ पानाची प्रतिमा असावी, प्रतिमा नसेल तर ओळ नसावी. जुलै २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयांसाठी जे धोरण आणले त्यात निष्कर्ष आणि निकाल यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायला मनाई आहे. तीच रेघ इथेही ओढावी.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. चुकीचे दाखवले तर कळेल, पण दाखवलेच नाही तर? हुकलेला कागद आपण होऊन समोर येत नाही. याला उत्तर आहे आणि ते मोजता येते. उदाहरणादाखल, यंत्राने दहा हजार पानांतून चारशे निवडली आणि त्यांतली ३२० खरोखर कामाची निघाली असे समजू. उरलेल्या ९,६०० मधून चिठ्ठ्या टाकून तीनशे पाने काढावीत आणि उर्दू वा मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावीत. त्यांत सहा कामाची निघाली तर प्रमाण दोन टक्के, म्हणजे बाजूला टाकलेल्या ढिगात अंदाजे १९२ कामाची पाने आहेत. एकूण ५१२ पैकी ३२० मिळाली, जेमतेम साडेबासष्ट टक्के. असा आकडा न्यायालयासमोर आला की न्यायाधीश म्हणू शकतात, हा शोध अपुरा आहे, पुन्हा करा. आज कारकुनाने ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा मारला तर त्या शोधाची अशी कोणतीच परीक्षा होत नाही.

तिसरा आक्षेप समानतेचा. महागडे साधन पैसेवाल्यांच्या हाती जाईल आणि गरीब पक्ष आणखी मागे पडेल. खाजगी कंपन्यांवर सोडले तर तसेच होईल. म्हणून हा शोध जिल्हा न्यायालयाच्या आवारात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळावा. या प्राधिकरणाकडे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना मोफत मदत करण्याची जबाबदारी कायद्यानेच आहे. केंद्र सरकारने ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले आहेत आणि त्यात नव्या तंत्रासाठी वेगळी तरतूदही आहे. एका पक्षाने काय शोधले आणि काय मिळाले याची नोंद राहावी आणि मिळालेली पाने दोन्ही पक्षांना एकाच दिवशी मिळावीत. अनेक दाव्यांत सरकार स्वतः पक्षकार असते, तेव्हा शोधाची किल्ली एकट्या महसूल खात्याकडे ठेवणे न्यायाचे नाही. हीच पद्धत उद्या मोबाइलमधल्या पुराव्यालाही लावायची म्हटले, तर महसुली दप्तर आणि माणसाचा मोबाइल यांतला भेदही पाळावा लागेल. पहाणी ही सार्वजनिक नोंद आहे. फोनमधले निरोप खाजगी आहेत आणि ते यंत्रासमोर ओतण्याआधी कोणत्या काळातले, कोणाशी झालेले आणि कशासाठी, याची मर्यादा न्यायालयाने आखून द्यायला हवी.

मोडी आणि जुनी उर्दू वाचणाऱ्यांचे काम जाईल, ही भीतीही बोलली जाते. पण यंत्र शिकते ते त्यांनी वाचलेल्या पानांवर, आणि शेवटी न्यायालयात उलटतपासणीला उभे राहायचे तेही त्यांनीच. बीदर-कलबुर्गीत उर्दू, कन्नड आणि मराठी शाळा शेजारी-शेजारी चालतात. त्या शाळांतून आलेल्या तरुणांना जुने वळण शिकवून मानधनावर घेतले, तर या सीमाभागाची बहुभाषिकता, जी आजवर न्यायालयात अडचण ठरली, तीच इथले मोठे बळ ठरेल. सुरुवात लहान असावी. भालकी किंवा आळंद असा एकच तालुका घ्यावा, खासरा पहाणी आणि संरक्षित कुळांची नोंदवही एवढीच दप्तरे घ्यावीत, आणि यंत्र किती बरोबर वाचते, किती हुकते, हे आकडे जाहीर करावेत. आकडे वाईट आले तर थांबावे. चांगले आले तर पुढच्या तालुक्यात जावे. वारसाने मिळालेले शेत केवळ आजोबांचे नाव कोणाला वाचता आले नाही म्हणून गमवावे लागणे हा अन्याय आहे, आणि तो टाळायचे साधन हाताशी येत असताना ते न वापरणे ही आता आपली निवड ठरेल.